मोकळी पारडी

बस्त्यांव तराजू दुरुस्त करतो.
खानापुरात, बसस्टँडमागच्या बोळात,
लोखंडी दांड्या, पितळी काटे, खिळ्याला टांगलेल्या साखळ्या
आणि अर्ध्या किलोचं एक वजन
जे कुणीतरी सतरा वर्षांपूर्वी ठेवून गेलं
ते न्यायला आलंच नाही.
पूर्वी पासिंगच्या महिन्यात
दारात किराणावाल्यांची रांग लागायची.
आता आकडे लाल दिव्यात उजळतात,
आणि आमच्याकडे येतात
चिंचवाल्या, दोन काजूवाले,
नंदगडची एक मासळीवाली.

मी बेळगावला गेले होते, धाकट्या जावेबरोबर.
तिचा नवरा कुवेतहून आलाय,
घरावर मजला चढायलाय,
जिन्याच्या लाद्या निवडायच्या होत्या.
लाद्या झाल्यावर म्हणाली,
"चल की आत, बघायला पैसे पडतात काय?"

आत गार होतं.
दोन दारांचा फ्रिज त्या पोराने उघडला
आणि आतला दिवा असा लागला
की क्षणभर मला
नाताळच्या रात्रीची वेदी आठवली.
लाज वाटली, पण ती नंतर.
त्या वेळी मी आत हात घालून बघितला.
"तगोरी अक्का," तो म्हणाला, "दुड्डु आमेले."
घ्या तर खरं, पैसे मागाहून.
मागाहून हा शब्द
इतका हलका उच्चारला त्याने,
जणू त्याला वजनच नाही.

कागद घेतला. सही करून शनिवारी द्यायचा.
चोवीस हप्ते.
बसमध्ये देसूरपासून पुढे
मी माझं स्वयंपाकघरच हलवत राहिले:
मांडणी इकडे, हंडा तिकडे,
भिंतीवरची पवित्र हृदयाची तसबीर
जराशी वर सरकवली
तर फ्रिज बरोब्बर बसत होता.

घरी बस्त्यांव एका जुन्या काट्यावर वाकलेला.
दोन्ही पारडी पुसून ठेवलेली,
वारा लागू नये म्हणून दार लोटलेलं.
म्हटलं, "वजनं कुठायत? नुसतं मोकळंच काय बघायलास?"
वर न बघता म्हणाला,
"पहिलं मोकळंच बघायचं असतंय.
मोकळं असताना जे सरळ उभं राहत नाही
त्यात सोनं घाल नाहीतर चिंच घाल,
खोटंच सांगणार ते."
एवढंच.
तो काट्याबद्दल बोलत होता.
त्याला कागदाचं काहीच माहीत नव्हतं.

रात्री गुडघ्यांवर बसले.
शब्द रोजच्यासारखे धावत आले
आणि एका शब्दाशी अडखळले.
भाकर मागतो आम्ही, ती आजची.
पन्नास वर्षं हे म्हणतेय मी
आणि एकदाही ऐकलं नव्हतं
की त्यात उद्या नाही.
त्यात मागाहून नाही.

शनिवारी गेले नाही.
जावेचा फोन आला, "खुळी काय तू?"
असेन.
कागद फाडलाही नाही.
आहे तो, प्रार्थनेच्या पुस्तकात,
चाळीस दिवसांच्या उपवासाच्या पानांत.
मन धुऊन निघालं वगैरे म्हणणार नाही मी.
एप्रिलात दूध नासतं
तेव्हा पहिला तोच दिवा
डोळ्यांपुढे लागतो.

पण मासळीवाली पैशांऐवजी मासळी देते
त्या दिवशी कालवण उरतं,
आणि उद्यासाठी ठेवता येत नाही.
वाळवंटात पडलेला मान्नाही असाच,
साठवला की किडायचा.
म्हणून भांडं झाकून मागल्या दाराने
मल्लव्वाकडे जाते.
तिच्या गुडघ्याचं, तिच्या पळून गेलेल्या बकरीचं,
तिच्या लेकाने न केलेल्या फोनचं
मला सगळं ठाऊक झालंय
ते या उरल्यासुरल्यामुळे.

भांडं परत येतं.
कधी त्यात मूठभर शेंगा,
कधी लोणच्याची फोड.
काल नुसतं घासून आलं. मोकळं.
फळीवर ठेवलं
आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले,
ते कलतंय का बघत.